आधीचा दिवा

स्टुडिओत तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे तिला खोडरबर म्हणायचे. नवरदेवाच्या नाकावरची चामखीळ खोड, पासपोर्टच्या फोटोतली डोळ्यांखालची काळी वर्तुळं खोड, कॉलेजातल्या पोरीच्या गालावरचे मुरुम खोड, असं नऊ वर्षं ती संगणकासमोर बसून लोकांची तोंडं साफ करत होती. एकदा एका रिटायर्ड हेडमास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या तिने इतक्या मन लावून खोडल्या की फोटो न्यायला आलेल्या त्यांच्या बायकोने विचारलं, "हे कोण?" दोन आठ्या परत घालून द्याव्या लागल्या.

तर अशा या बाईच्या स्वतःच्या पोटावर खोडता न येणारी एक रेघ आली.

एकोणीस तास कळा दिल्यावर बाळाचे ठोके मंदावले आणि तिला धावतपळत ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. मुलगी झाली. मुलगी ठणठणीत, आई जिवंत. यावर लोक म्हणतात, मग आणखी काय पाहिजे? लोकांचं काय जातं म्हणायला! पोट त्यांचं कापलेलं नसतं. थरावर थर कापून आतून माणूस बाहेर काढतात, परत शिवतात, आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईला एवढंच विचारतात, दूध येतंय ना? त्या बाईलाही काही विचारायचं असेल हे कुणाच्या गावीही नसतं.

तिला विचारायचं होतं की हे असंच राहणार का.

हे म्हणजे ओटीपोटावरचा वीतभर आडवा वण. तांबडा, चकचकीत, आणि डाव्या टोकाला गांडुळासारखा फुगलेला. त्याच्या वरची चार बोटं कातडी बधिर, चिमटा काढला तरी कळायचं नाही. वणाला मात्र नुसती नाडीची गाठ घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं. खाज तर अशी सुटायची की कामाच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती मोजपट्टीने शर्टावरूनच खरडायची आणि समोरचा माणूस मान वळवायचा.

मुलगी आठ महिन्यांची झाली. ती खांद्यावर झोपली, मांडीवर झोपली, बापाच्या छातीवर पालथी पडून घोरली. आईच्या पोटावर एकदाही नाही. रांगत रांगत ती आईच्या अंगावर चढायला लागली की आई तिला दोन्ही हातांनी धरून बाजूला ठेवायची, टेबलावर सांडलेलं काही उचलावं तशी. पोरीला वाटायचं हा खेळ आहे. ती हसून परत यायची. आई तिला परत बाजूला ठेवायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस सरळ, बोलायला कंजूष.

"दुखतंय का?" तो विचारायचा.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

तो कूस बदलायचा. रागाने नाही. बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना तो रोज सांगायचा, घाबरू नका, दार आपटू नका, वेळ लागेल. घरीही तो तेच करत होता. पण आतल्या माणसाला बाहेर यायचंय की नाही हे विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

आता त्या गुलाबी ट्यूबचं सांगायला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे पोरीच्या कितीतरी आधी, वण घालवणाऱ्या एका मलमाच्या कंपनीचं पत्रक स्टुडिओत बनलं होतं. डावीकडे एक पोट, वर लिहिलेलं 'आधी'. उजवीकडे तेच पोट, वर लिहिलेलं 'नंतर'. कंपनीने फक्त आधीचं पोट पाठवलं होतं. नंतरचं खोडरबरने केलं. आठ मिनिटं लागली. बेंबीच्या उजव्या बाजूला त्या अनोळखी बाईला एक तीळ होता, तो तिने मुद्दाम ठेवला. तीळ ठेवला की लोकांचा विश्वास बसतो. मालक मागे उभा राहून म्हणाला होता, "वा! हात आहे की जादू!" आणि ती खूश झाली होती. खरंच झाली होती.

तर हीच बाई बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात औषधाच्या दुकानात गेली आणि त्याच मलमाच्या तीन ट्यूब घेऊन आली.

हसू नका. ज्याच्या पोटावर असतं त्याला विचारा. तिचा हिशोब असा होता की पोट खोटं आहे, पण मलमही खोटंच असेल असं कुठे आहे? रात्रंदिवस आपल्याच कातडीचा तिटकारा येत असला की माणूस असल्या फटीतूनसुद्धा आत शिरतो. आणि हे पत्रकं छापणाऱ्यांना बरोबर माहीत असतं. त्यांचा सगळा धंदा त्या फटीवर चालतो.

ट्यूब चालू केल्यापासून दर रविवारी दुपारी, पोरगी झोपली की, ती मागच्या खोलीला आतून कडी लावायची. पलंगाच्या कडेला बसायची. टेबलावरचा दिवा डावीकडे स्टुलावर ठेवायची, शर्ट वर करायची, मान दुसरीकडे फिरवायची आणि अंदाजाने फोनवर फोटो काढायची. मग शर्ट खाली घेऊन फोटो बघायची. फोटोच बघायची, पोट नाही. अंघोळीला ती छताकडे बघत साबण लावायची. मलमही डोळे मिटून. पोट तिने त्या सहा आठवड्यांनंतर डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. फोटो चालेल. फोटो हे तिचं रोजचं काम होतं, त्याच्याकडे ती दुसऱ्या कुणाचा म्हणून बघू शकायची. आणि फोटो जरा धूसर आला, वण नीट दिसला नाही, तर ती तो पुसून परत काढायची. काम चोख पाहिजे.

फोनमध्ये त्या फोटोंच्या फोल्डरला तिने नाव दिलं होतं 'वीजबिल'. म्हणजे कुणी उघडणार नाही.

अठ्ठावीस फोटो झाले. अठ्ठाविसाव्यातला वण पहिल्याइतकाच उभा होता. उलट थोडा जास्तच.

याच महिन्यांत धाकटी नणंद गरोदर होती. ती ड्रायव्हिंग शिकवायची. जिभेला ब्रेक नाही असं तिचे शिकाऊ म्हणायचे, तिच्या मागे. चूक केली की ती गाडी कडेला घ्यायला लावायची आणि शांतपणे म्हणायची, "उतर गाडीतून." मोठमोठे बाप्ये रडकुंडीला यायचे. तिचं बाळ पायाळू होतं, म्हणून डॉक्टरांनी सिझेरियनची तारीखच दिली. तारखेच्या आधी ती एकदा घरी आली, बाथरूममध्ये गेली आणि गुलाबी ट्यूब हातात घेऊनच बाहेर आली.

"वहिनी, हे काय? वणासाठी? उपयोग होतो का गं?"

"हो."

"म्हणजे किती?"

आता खरं सांगायचं तर पुढे प्रश्न येणार. दाखव म्हणणार. नणंद म्हणजे नणंद, शर्ट स्वतःच वर करून बघणार. खोडरबरने पोरीचं झबलं घडी करता करता मान वर न करता सांगितलं, "माझा तर जवळजवळ गेलाच."

बस्स. एक वाक्य. विषय संपवायला टाकलेलं. नणंदेने ट्यूबचा फोटो काढून घेतला आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं. नाहीतर या सगळ्या जाहिराती म्हणजे नुसता चुना."

नणंदेला मुलगा झाला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मालकाने खोडरबरला आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"मलमवाल्यांना नवीन पत्रक पाहिजे. जुनं पोट लोकांनी फार पाहिलंय म्हणे. ताजं पोट पाहिजे."

"पाठवतील ते?"

"पाठवायचं कशाला? घरचंच आहे की." तो तिच्या पोटाकडे बघून हसला. वाईट माणूस नव्हता. तीन महिने सुट्टी दिली होती त्याने, पगारासकट. पण धंदेवाल्याची नजर ती, जिथे तिथे माल दिसणार. "तोंड थोडंच दिसणार आहे? तू आधीचा काढ, नंतरचा तूच कर. सोमवारपर्यंत दे."

"बघते," ती म्हणाली. नाही म्हणायचं होतं. तोंडातून बघते आलं.

केबिनच्या बाहेर पडते तोच फोन वाजला. नणंदेचा. आवाज तिचा नव्हताच, एवढासा झाला होता.

"वहिनी, टाक्यांच्या जागेतून पाणी येतंय. वास येतोय. ताप आहे. हे घरी नाहीत. तू येशील?"

ती टॅक्सी करून गेली. नणंदेला आणि अठरा दिवसांच्या पोराला घेऊन इस्पितळात पोचली. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, पण नणंदेचा चेहरा बघून त्यांना आधी आत घेतलं. ड्रेसिंगच्या खोलीत एक लांब टेबल, एक ट्रॉली, पांढऱ्या फरशा आणि उत्तरेकडे मोठी खिडकी. आतल्या सिस्टर साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. उजव्या टोकाला दोन बोटं जखम उघडली होती, कडा लाल, आजूबाजूला पुरळ. धुवायचं, रोज पट्टी बदलायची, औषधाच्या गोळ्या सात दिवस. वेळेवर आलात, आत खोल गेलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर सिस्टरांनी चष्मा लावला आणि कापसाने एक गुलाबी पापुद्रा उचलला.

"हे काय चोपडलंय?"

"मलम आहे वणाचं," नणंद म्हणाली.

"वण? वण कुठाय अजून? ही जखम आहे बाई. जखम भरून निघाली की मग वण होतो. ओल्या सिमेंटवर रंग मारतं का कुणी? कधीपासून लावतेयस?"

"टाके काढले त्या दिवसापासून. पत्रकात लिहिलंय, जितकं लवकर तितकं चांगलं." नणंदेने पर्समधून चौकोनी घडी काढली आणि उलगडली. "आणि नुसतं पत्रक वाचून नाही लावलं मी. माझ्या वहिनीचा गेलाय याने. वहिनी, सांग ना त्यांना. नाहीतर दाखवच."

पत्रकावर दोन पोटं होती. दोन्हीवर बेंबीच्या उजव्या बाजूला तीळ.

खोडरबर भिंतीला टेकून उभी होती, कडेवर नणंदेचं पोर. तिला पळून जावंसं वाटलं. खोटं बोलावंसंही वाटलं. गेला होता, परत आला, असं काहीतरी. पण समोर ती उघडी जखम होती. नऊ वर्षांत तिने हजारो डाग पाहिले, सगळे पडद्यावर. त्यांतल्या एकालाही असा वास आला नव्हता.

"नाही गेला," ती म्हणाली.

"काय?"

"माझा नाही गेला. मी खोटं बोलले. आणि हे, हे नंतरचं पोट, हे मी खोडलंय. स्टुडिओत. मलम बिलम काही नाही. आठ मिनिटांचं काम होतं."

सिस्टरांनी चिमटा ट्रेमध्ये टेकवला. नणंदेने पत्रकाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. टेबलावर आडवी पडल्या पडल्या, छताकडे बघत, अगदी शांतपणे ती म्हणाली,

"उतर गाडीतून."

सिस्टर गोंधळल्या. "कुठली गाडी?"

खोडरबरला कळलं होतं. तिने पोर आईच्या कुशीत दिलं आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बाकावर बसली.

वीस मिनिटांनी सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. "तिची पट्टी झाली. डोळा लागलाय तिचा, झोपू दे. भरेल ती जखम, काळजी करू नको. तुझं बघू."

"माझं काय?"

"वण. आठ महिने झाले म्हणाली ती. उभा आहे अजून? खाज? बधिर?"

तिने फोन काढला, 'वीजबिल' उघडलं आणि पुढे केला. तिने ते कुणालाही दाखवलेलं ते पहिल्यांदाच. सिस्टरांनी चष्मा नाकावर सरकवला. एक फोटो, दुसरा, दहावा. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे म्हणजे दोरखंडच." मग त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला. "पण मी फोनला ड्रेसिंग करत नाही. पोट दाखव. चल."

शेजारची खोली रिकामी होती, तशीच, उत्तरेच्या खिडकीची. खोडरबर खिडकीपाशी उभी राहिली. शर्टाचं टोक धरलं. हात वर जाईना. सिस्टर घाई न करता ट्रॉलीवरच्या पट्ट्या मोजत राहिल्या, पाठ करून. ते तिला बरं वाटलं. तिने शर्ट वर केला.

सिस्टर वळल्या, वाकल्या, दोन बोटांनी वणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत गेल्या. मग सरळ उभ्या राहिल्या.

"ते फोटोतलं पोट कुणाचं आहे?"

"माझंच."

"मग खाली बघ. किती दिवस झाले बघून?"

तिने खाली पाहिलं.

एक बारीक फिकट रेघ होती. उजवीकडून निघालेली, सपाट, नखाने ओढल्यासारखी, वीतभरातला पाऊण भाग कातडीच्याच रंगाकडे निघालेला. डाव्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा उंचवटा होता अजून, गुलाबी. वर पोट थोडं लोंबत होतं. बस्स, एवढंच. दोरखंड कुठेच नव्हता.

ती खाली बघतच राहिली. मग तिने परत फोन उघडला. फोटोतला वण आणि पोटावरचा वण. तिला आधी वाटलं फोनचा कॅमेरा बिघडलाय. मग तिची नऊ वर्षांची नजर जागी झाली आणि वण सोडून बेंबीवर गेली.

बेंबीची सावली. पहिल्या फोटोत ती नखाएवढी होती. नवव्यात बोटाएवढी. विसाव्यात लांब. अठ्ठाविसाव्यात बेंबीपासून निघून पार कमरेच्या हाडापर्यंत पसरलेली.

दिवा दर रविवारी खाली खाली येत गेला होता.

हे मालकानेच तिला शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. कातडीच्या दवाखान्यांची कामं यायची तेव्हा. दोष दाखवायचा असेल तर दिवा बाजूला घे आणि खाली घे, सावली पडेपर्यंत खाली घे. तो आधीचा दिवा. आणि नंतरचा दिवा म्हणजे समोरून, मोठा, मऊ, सगळं सपाट करणारा. अर्धं काम तिथेच होतं, खोडायला उरतं थोडंसं. वण जसा जसा बसत गेला तशी तशी त्याची सावली पडेना, आणि सावली पडली नाही की तिच्या हाताला वाटायचं फोटो चुकला. मग हात दिवा स्टुलावरून पलंगाच्या कडेला घ्यायचा, कडेवरून गादीवर. अठ्ठावीस रविवार तिने स्वतःचा आधीचाच फोटो काढला होता. नंतरचा काढायची तिला सवय होती, पण लोकांसाठी.

ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि मग रडली, चांगली मोठ्याने. सिस्टरांनी दार लोटून घेतलं.

"मलमाने गेला का मग?" नाक पुसत तिने विचारलं.

"वेळेने गेला. तुझ्या कातडीने काम केलंय ते, त्या ट्यूबने नाही. सहा महिने वण लाल असतो, जाड असतो, घाबरवतो. मग हळूहळू बसायला लागतो. दीड वर्ष चालतं हे. पुसून जाणार नाही बरं का, तसलं डोक्यातून काढ. निजेल तो." सिस्टरांनी स्वतःच्या मनगटावर दोन बोटं टेकवून दाखवलं. "हे असं. साधं तेल घे. वणावर बोटं ठेव आणि खालच्या कातडीसकट हलव, वर खाली, आडवं, गोल. घासायचं नाही, हलवायचं. रोज पाच मिनिटं. आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात ते सुटतात. डाव्या टोकाला सिलिकॉनची पट्टी लाव, दिवसाचे बारा तास, दोन-तीन महिने. नाहीच बसलं तर कातडीच्या डॉक्टरांकडे जा, ते सुई देतात त्या जागी. ऊन लागू देऊ नको. आणि ही खाज म्हणजे बरं होण्याचीच खाज आहे, मोजपट्टीने खरडू नको."

"मोजपट्टीचं तुम्हाला कसं कळलं?"

"शर्टाला शाई लागलीय, ओळीत. एक सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर."

हे सगळं सांगायला सिस्टरांना सात मिनिटं लागली. सात मिनिटं! आठ महिन्यांत तिच्यापाशी एवढा वेळ कुणी थांबलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर बाळाच्या लसींचा अख्खा तक्ता होता, आईच्या पोटाबद्दल एक ओळ होती: जखम कोरडी ठेवा. बाकीच्या ओळी मलमवाल्यांनी भरल्या, आणि हिने त्यांना चित्र काढून दिलं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत, स्टुडिओ रिकामा असताना, तिने दिवे लावले. बाजूचा, खाली. एक फोटो. मग तो विझवून समोरचा मोठा. दुसरा फोटो. एकालाही हात लावला नाही. दोन्हींच्या कोपऱ्यात वेळ उमटलेली होती, एक वाजून दहा आणि एक वाजून चौदा. मालक आला आणि पडद्यासमोर उभाच राहिला.

"अरे वा! डाव्या कोपऱ्यात थोडं ठेवलंस तेही बरं केलंस. खरं वाटतं. किती वेळ लागला?"

"चार मिनिटं. काही खोडलेलं नाही. नुसता दिवा बदलला."

"मग तर उत्तमच! पाठवून दे."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे हे पोट मी देत नाही. आणि दुसऱ्या कुणाचंही मी करत नाही. चामखिळी करीन, आठ्या करीन, वण नाही. या मलमापायी माझी नणंद इस्पितळात पोचली."

"मलमाने नाही, अक्कल नसल्याने. जखमेवर कोण लावतं?"

"पत्रक वाचलेली बाई लावते. ते पत्रक इथे बनलंय. त्यातलं पोट मी केलं आणि वा तुम्ही म्हणालात."

कंपनी मोठी होती, गिऱ्हाईक जुनं होतं. मालकाने ते काम दुसऱ्या स्टुडिओतल्या एकाकडून करून घेतलं. त्या गड्याला बारा मिनिटं लागली म्हणे, हात बसलेला नव्हता. पत्रक वेळेवर छापलं गेलं आणि आज दुकानात जाल तर काउंटरवर मिळेल. तिची नोकरी राहिली. वर्षअखेरीस सगळ्यांचा पगार वाढला, तिचा नाही. असो.

ते दोन फोटो तिने नणंदेला पाठवले. खाली लिहिलं, "एकच पोट, एकच दिवस, मध्ये चार मिनिटं. तुझ्याशी खोटं बोलले. फोटोही खोटेच बघत बसले. तुझी जखम माझ्यामुळे उघडली."

उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. दादाला फोन यायचे तिचे, वहिनीला नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालंय तुमच्यात?" आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं, वीजबिलासकट. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बघू?" तिने खिडकीपाशी उभं राहून शर्ट वर केला, दिवसाउजेडी. त्याने बघितलं. हात लावला नाही, विचारलं, "हात लावू?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "डावीकडे नको." त्याने उजवीकडून बोट फिरवलं.

नणंदेची पट्टी अकरा दिवस चालली. जखम भरली. तिच्या बाळंतपणाला दोन महिने होऊन गेल्यावर एका सकाळी दारात ती उभी, पोराला पुढे बांधलेलं, हातात तेलाची बाटली.

"डॉक्टर म्हणाल्या आता चोळायला हरकत नाही. सिस्टर रिटायर झाल्या. दुसऱ्या कुणाला येत नाही नीट." आत येत ती म्हणाली. "तुला दाखवलंय ना त्यांनी? शिकव. आणि एक ऐक. माझा राग गेलेला नाही."

"माहितीय."

"पुन्हा खोटं बोललीस ना, चालत्या गाडीतून उतरवीन."

दोघी मागच्या खोलीत पलंगावर शेजारी शेजारी आडव्या झाल्या, शर्ट वर. पडदा पूर्ण उघडा. पोर पाळण्यात. वहिनीने आपल्या वणावर दोन बोटं टेकवली, नणंदेने आपल्या.

"घासायचं नाही. खालची कातडी हलवायची. वर, खाली."

"पहिला गिअर, दुसरा गिअर. ओय! लागतंय."

"मग हळू. तुझा नवा आहे अजून."

"लाल भडक आहे गं. कसला घाण दिसतोय."

"दिसतोय. सहा महिने दिसेल."

"हे तरी खरं बोलतेयस ना?"

"माझा बघ की."

नणंद कोपरावर टेकून उठली आणि वहिनीच्या पोटाकडे नीट बघायला लागली. तेवढ्यात दारातून वहिनीची पोरगी रांगत आली. तिने पलंगाची कड धरली, हुंकार देत वर चढली, आणि रोजच्या खेळाप्रमाणे आईच्या अंगावर गुडघे टेकून थांबली. उचलून बाजूला ठेवण्याची वाट बघत.

आईचे हात तेलाचे होते. तिने ते तसेच वर धरले.

पोरगी थोडा वेळ थांबली. मग तिने एक गुडघा बरोबर वणावर रोवला, दुसरा बरगडीवर, आणि पोटावर पालथी पसरून अंगठा तोंडात घातला. आईच्या तोंडातून स्स झालं.

"दुखलं?" नणंदेने विचारलं.

"डावं टोक आहे अजून."

"दिसतंय मला," नणंद म्हणाली. "आंधळी नाहीये मी. पडून राहा."